त्या एका तासासोबत देवाला बाकीची चार वर्षंही ठाऊक आहेत

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

माझं वय एकेचाळीस. नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते, मंडळीत संडे स्कूल घेते. सासूबाईंना लकवा मारला आणि त्या चार वर्षं अंथरुणावर होत्या. आमचे मिस्टर नोकरीनिमित्त बाहेरगावी, आठवड्याने घरी येणार. त्यामुळे भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात त्या प्रभूजवळ गेल्या.

कोणाला सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते. शेवटच्या वर्षात माझ्या मनात कितीदा तरी आलं, 'देवा, संपव आता हे.' त्यांची सुटका व्हावी म्हणून नव्हे, माझी व्हावी म्हणून. एका रात्री तिसऱ्यांदा चादर ओली झाली तेव्हा मी 'पडा आता तशाच' म्हणाले आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. तासभर. त्यांना शब्द फुटत नव्हता, पण त्या मला बोलावत होत्या हे मला ऐकू येत होतं.

अंत्यविधीच्या वेळी पाळकांनी, सासूची साथ न सोडणाऱ्या बायबलमधल्या रूथचं नाव घेऊन, 'रूथसारखी सून' म्हणून माझा उल्लेख केला. नंतरच्या प्रार्थनासभेत नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, 'लोकांना बाहेरचं दिसतं, देव हृदय पाहतो.' तिला त्या रात्रीचं काहीच माहीत नाही, तरी माझ्या काळजात चर्र झालं. त्याच सभेत स्तोत्र 139 वाचलं. तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की कोणीतरी रोखून बघतंय असं वाटतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंडळीत भाकरी-द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी बरं नाही असं सांगून घरी राहते. देवाला सगळं ठाऊकच आहे, तर मी प्रार्थनेत सांगायचं तरी काय? आणि माझी सेवा ढोंग होती का?

तुमची एक बहीण

प्रिय भगिनी,

इतके महिने पोटात ठेवलेलं तुम्ही कागदावर उतरवलंत आणि उतरवताना कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाहीत. त्यामुळे मीही तुम्हाला 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणून वाटेला लावणार नाही. तुमच्या पत्रात दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. एक म्हणजे दमलेल्या मनात येणारा तो विचार आणि दुसरी म्हणजे त्या रात्रीचा तो तास. तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत आणि त्या गाठोड्यापायी चार वर्षांची सेवाच खोटी ठरवायला निघाला आहात. आपण ते सोडवू. पण आधी नणंदबाईंनी म्हटलेलं वचन घेते, कारण काटा तिथे रुतलाय.

'मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो.' पहिलं शमुवेल, सोळावा अध्याय, सातवं वचन. आपल्याकडे हे वचन बहुतेक वेळा कोणाला तरी टोचण्यासाठीच काढलं जातं. ते मुळात कुठे आलंय ते एकदा शांतपणे वाचा. शमुवेल संदेष्टा बेथलेहेमात इशायाच्या घरी आला आहे, नव्या राजाचा अभिषेक करायला. थोरला अलीयाब समोर आला, उंचापुरा, देखणा. शमुवेलाला वाटलं, हाच. तेव्हा देवाने हे शब्द उच्चारले, आणि ते एका संदेष्ट्याला उच्चारले. तुझी नजरही चुकते, तू ठरवू नकोस, असं देव त्याला सांगत होता. मग एकामागून एक सात मुलं पुढून गेली आणि शेवटी ज्याला घरच्यांनी बोलावलंसुद्धा नव्हतं, त्या मेंढरांमागच्या धाकट्याला, दावीदाला, बोलावणं गेलं. त्या दिवशी देवाने हृदय पाहिलं म्हणून कोणाचं बिंग फुटलं नाही. ज्याची आठवण कोणालाच नव्हती तो सापडला.

आता पुढचाच अध्याय उघडा. बापाने दिलेला हुरडा आणि भाकरी घेऊन दावीद रणांगणावर भावांना भेटायला येतो आणि शत्रूच्या धिप्पाड योद्ध्याबद्दल, गल्याथाबद्दल, चौकशी करू लागतो. तेव्हा हाच अलीयाब त्याच्यावर भडकतो. थोडीशी मेंढरं होती ती कोणाकडे सोडून आलास, तुझी घमेंड आणि तुझ्या मनातला दुष्टपणा मला चांगला ठाऊक आहे, असं सगळ्यांदेखत सुनावतो. पाहिलंत? हृदय फक्त देवाला दिसतं हे सांगून एक अध्याय उलटत नाही, तोच एक माणूस उठतो आणि म्हणतो, तुझं हृदय मला ठाऊक आहे. आणि तो साफ चुकलेला असतो. दावीद तिथे घमेंडीने आलेला नव्हता, बापाने पाठवलं म्हणून आला होता.

नणंदबाईंच्या मनात नेमकं काय होतं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. कदाचित आईच्या आजारपणात आपण आलो नाही याची टोचणी त्यांनाच लागली असेल आणि ती अशी बाहेर पडली असेल. त्यांच्या हृदयाचा निकाल आपण लावायला नको. एवढं मात्र ठामपणे सांगते, ते वचन त्यांच्या तोंडून आलं म्हणून ते देवाने तुमच्यावर ठेवलेलं दोषारोपपत्र होत नाही. त्यांच्या हातात तो अधिकार नाही. पाळकांच्या हातातही नव्हता, त्यांनी कौतुकच केलं असलं तरी. रूथची उपमा तुम्हाला इतकी जड का झाली हे मला समजतं. ज्या कौतुकात आपला खरा चेहरा बसत नाही ते कौतुक अंगावर घेऊन वावरणं फार एकटं करून टाकतं.

आता स्तोत्र 139. 'हे परमेश्वरा, तू मला पारखले आहेस, तू मला ओळखतोस.' माझं बसणं-उठणं तुला ठाऊक, जिभेवर शब्द यायच्या आधी तो तुला ठाऊक, तुझ्यापासून पळून जाऊ कुठे? तुम्ही हे ऐकलंत आणि तुम्हाला वाटलं पोलीस दारात आले. असं वाटणं काही नवीन नाही, आणि त्यात अविश्वास नाही. स्तोत्रकर्त्यालाही पळावंसं वाटलंच असणार, नाहीतर आकाशात जाऊ की अधोलोकात जाऊ की समुद्राच्या पलीकडे जाऊ, अशा सगळ्या वाटा त्याने कशाला तपासल्या असत्या?

पण सभेत ते स्तोत्र पुरतं वाचलं का? बहुतेक ठिकाणी अठराव्या वचनापर्यंत वाचतात आणि मग एकदम तेविसाव्यावर येतात. मधली चार वचनं गाळतात, कारण ती सभेत वाचायला अवघड जातात. त्यांत हाच भक्त, ज्याने आईच्या उदरात आपल्याला विणणाऱ्या देवाचं इतकं कोवळं वर्णन केलं, तो म्हणतो की देवा, दुर्जनांना मारून टाक, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो. असला कडवट राग त्याने प्रार्थनेत, देवासमोर, उघड बोलून टाकला आहे. आणि लगेच पुढच्या श्वासाला म्हणतो, 'हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण.' मन स्वच्छ झाल्यावर त्याने देवाला आत बोलावलं नाही. द्वेष अजून तोंडात असतानाच बोलावलं. तुम्ही आज रात्री ते स्तोत्र चोवीसही वचनांसकट वाचा, मधलं काही न गाळता.

हाच क्रम इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायातही आहे. तेराव्या वचनात सांगितलंय की देवाच्या दृष्टीला सगळं उघडं आहे, कुठलीही निर्मिती त्याच्यापुढे लपलेली नाही. हे वाचून माणूस घाबरून मागे सरेल असं वाटतं. पण अवघ्या तीन वचनांनंतर लेखक म्हणतो, म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. मध्ये काय घडलं? मध्ये त्याने येशूचं नाव घेतलं, जो आपल्या दुर्बलतेविषयी कळवळतो, जो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, पण निष्पाप राहिला. ख्रिस्ती माणसाने देवाच्या सर्वज्ञतेबद्दल बोलताना या मधल्या वचनांवरून उडी मारली की मागे फक्त पहारेकरी उरतो. तुमच्या डोळे मिटलेल्या प्रार्थनेत सध्या तोच उभा आहे. तो आपल्या प्रभूचा चेहरा नाही हो.

आता तो विचार. 'देवा, संपव आता हे.' तुम्ही लिहिता की तो त्यांच्यासाठी नव्हता, स्वतःसाठी होता. बरं. इस्राएली लोकांना रानातून नेणाऱ्या मोशेचं ऐका. बायबलमधलं गणना हे पुस्तक, अकरावा अध्याय. रानात लोक रडतायत, मांस मागतायत, आणि मोशे देवाला म्हणतो, या सगळ्या लोकांना मी पोटात वाढवलं का? मी यांना जन्म दिला का? तान्ह्या मुलाला उराशी धरून न्यावं तसं यांना ने, असं तू मला का सांगतोस? हा भार मला एकट्याला झेपत नाही. माझ्याशी असंच वागणार असशील तर मला मारूनच टाक. जवळच्या आजारी माणसाला रात्रंदिवस उचलणाऱ्या कोणाच्याही तोंडी शोभतील असे हे शब्द आहेत, आणि ते मोशेने देवाला सुनावले आहेत.

मोशेच्या मनात काय चाललंय हे देवाला आधीपासून ठाऊक होतं, यात शंका नाही. त्याने उत्तर काय दिलं? कृतघ्न म्हणाला नाही, पुन्हा असा विचार करू नकोस असंही म्हणाला नाही. इस्राएलाच्या वडिलांपैकी सत्तर जण गोळा कर, तुझ्यावरच्या आत्म्यातून घेऊन मी त्यांच्यावर ठेवीन, मग ते तुझ्याबरोबर भार वाहतील, तुला एकट्याला वाहावा लागणार नाही. हे देवाचं उत्तर. थकलेल्या माणसाचं हृदय वाचून देवाने त्याच्यासाठी मदतीची माणसं उभी केली.

तुमच्या घरी ते सत्तर कुठे होते? मी हा प्रश्न मुद्दाम विचारते. चार वर्षांत एका तरी आठवड्यात कोणी म्हणालं का, आज रात्री मी थांबते, तू झोप? महिला मंडळातल्या बहिणींनी पाळी लावली का? अंत्यविधीला 'रूथसारखी सून' म्हणणाऱ्या मंडळीने ही सून जिवंतपणी किती रात्री जागली याची चौकशी केली का? हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. तुमच्यासारखी किती घरं आहेत हे मंडळ्यांना कळावं म्हणून लिहिते. रविवारी पहिल्या बाकावर दिसणारी बाई शनिवारची रात्र कशी काढून आली आहे, हे विचारायला कोणाला दैवी ज्ञान लागत नाही.

तर, तो विचार दमलेल्या शरीराचा आणि एकट्या पडलेल्या मनाचा होता. तो आला म्हणून तुम्ही सासूबाईंच्या मरणाला जबाबदार नाही, आणि देवाने तुमची ती कुरकुर ऐकून त्यांना नेलं असंही नाही. असलं काही मनात असेल तर ते आत्ताच सोडा. तुम्ही 'संपव' म्हणालात, त्यानंतर सकाळी उठून पुन्हा त्यांना चहा भरवलात. भरवलात ना? देवाने तेही ऐकलं आणि पाहिलं.

सेवा ढोंग होती का, या प्रश्नाला योहान उत्तर देतो. त्याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एक वचन आहे की, आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सर्व काही कळतं. याचा कडक अर्थ लावणारेही झाले. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्यासारखा भाष्यकार म्हणतो, स्वतःचं मनच दोष देत असेल तर त्याहून अधिक जाणणाऱ्या देवाच्या न्यायातून सुटका कशी होणार? तुम्ही सध्या याच अर्थाने जगताय. कॅल्व्हिनबद्दल आदर ठेवून सांगते, मला तो अर्थ इथे पटत नाही, कारण आजूबाजूची वचनं दुसऱ्या दिशेला बोट दाखवतात. वाक्याची सुरुवातच अशी आहे की, देवापुढे आपल्या मनाला धीर कसा द्यायचा. आणि त्याच्या आदल्या वचनात योहान म्हणतो, शब्दाने किंवा जिभेने नको, कृतीने आणि खरेपणाने प्रीती करू या. म्हणजे मन ओरडून ओरडून दोष देऊ लागलं की योहान आपल्याला भावना तपासायला बसवत नाही, हातांनी काय केलं ते बघायला सांगतो. गरजेत पडलेला भाऊ दिसला तेव्हा हात आखडला की पुढे गेला?

तुमचे हात चार वर्षं पुढे गेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, घास घशात अडकू नये म्हणून मान किंचित पुढे धरून भरवणं, नखं कापणं, केसांतला गुंता सोडवणं. ढोंगाबद्दल येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात बोलतो तेव्हा ढोंगी माणसाची ओळख एकच सांगतो, तो लोकांनी पाहावं म्हणून करतो. रात्री अडीच वाजता चादर बदलताना तुम्हाला पाहायला कोण होतं? त्या खोलीत टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. 'गुप्तपणे पाहणारा तुझा पिता' असं येशू म्हणतो तो याच खोल्यांबद्दल. मनात कंटाळा असताना केलेली सेवा खोटी होत नाही. मला तर ती अधिक महाग वाटते, कारण मनाचा आधार नसतानाही ती केली गेली.

आणि एक वचन आपण नेहमी अर्धंच ऐकतो. पौल करिंथकरांना लिहितो, प्रभू येईल तेव्हा अंधारातल्या गुप्त गोष्टी उजेडात आणील आणि हृदयातले हेतू उघड करील. इथवर ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. पण वाक्य पुढे असं संपतं की, मग प्रत्येकाला देवाकडून प्रशंसा मिळेल. पहिलं करिंथ, चार, पाच. तुमच्या हृदयात कोणालाच न दिसलेल्या कितीतरी चांगल्या गोष्टीही आहेत, आणि त्याही त्या दिवशी उजेडात यायच्या आहेत, हे तुम्ही कधी मनात आणलंत का?

आता तो तास. इथे मी तुम्हाला थापटून झोपवणार नाही. त्या हाका मारत होत्या, तुम्हाला ऐकू येत होतं, आणि तुम्ही गेला नाहीत. ते चुकलं. थकवा हे कारण होतं, पण तेवढ्याने ते बरोबर ठरत नाही, आणि तुमच्या सद्सद्विवेकाला हे कळतंय ही चांगली खूण आहे. त्याला पाप म्हणा. त्याला त्याच्या नावाने हाक मारली की ते तेवढंच राहतं, एक तास. नाव न देता ठेवलं की ते पसरत पसरत चार वर्षांवर चढतं, आणि तुमचं तेच झालंय.

येशूचा शिष्य पेत्र, ज्याला शिमोनही म्हणत, त्याने काय केलं ते पाहा. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने येशूला तीनदा नाकारलं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात गालीलाच्या समुद्राकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि पुन्हा उठलेला येशू आधी सगळ्यांना न्याहारी देतो. मग विचारतो, शिमोना, माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र कष्टी होतो. त्याच्याजवळ पुरावा म्हणून दाखवायला काय होतं? वागणूक तर विरुद्ध साक्ष देत होती. तो शपथा घेत नाही, मागच्या वेळी शपथा घेऊन काय झालं ते त्याला आठवत असणार. तो एवढंच म्हणतो, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, माझं तुझ्यावर प्रेम आहे हे तुला ठाऊक आहे.

जे ज्ञान तुम्हाला भीतीने गारठवतंय त्याच ज्ञानाचा पेत्राने आसरा घेतला. मी नाकारलं हे तुला ठाऊक आहे, आणि त्या नाकारण्याच्या खाली अजून काय आहे तेही फक्त तुलाच ठाऊक आहे. लोकांना पेत्राचं नाकारणं ऐकू आलं होतं, बाहेर जाऊन तो किती रडला हे कोणी पाहिलं नव्हतं. प्रभूला दोन्ही ठाऊक होतं. शिवाय हे त्याला नंतर कळलेलं नव्हतं. लूक सांगतो, पेत्र घसरणार हे येशूला आधीच ठाऊक होतं आणि आधीच तो त्याला म्हणाला होता, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्या रात्री तुम्ही पलीकडच्या खोलीत बसला होता तेव्हा तुम्हाला ओळखणाऱ्या प्रभूने त्या ज्ञानाचं काय केलं असेल, याचा अंदाज मी या वचनावरून बांधते. तो तुमच्यासाठी विनंती करत होता. आणि तासाभराने तुम्ही उठून गेलात. पत्रात तुम्ही तिथे थांबलात, पण चादर कोणीतरी बदललीच असणार.

म्हणून हे करा. एकांतात बसून तो तास प्रभूसमोर मोठ्याने, पूर्ण शब्दांत सांगा. 'माझी सगळी पापं क्षमा कर' असं मोघम नको. मी त्यांना ओल्यात ठेवलं, त्या बोलावत होत्या, मी गेले नाही. मग पहिलं योहान एक, नऊ वाचा, तेही मोठ्याने. आणि याकोब म्हणतो तसं एका माणसाजवळही कबूल करा. आपले कॅथलिक बंधुभगिनी यासाठी फादरकडे जातात. आपल्यात तशी रीत नसली तरी विश्वासू पाळक किंवा गुप्तता राखणारी एखादी वडीलधारी बहीण असतेच. माणसाच्या तोंडून 'ख्रिस्तात तुला क्षमा आहे' हे ऐकण्याने जे होतं ते नुसत्या मनातल्या मनात होत नाही. मिस्टरांनाही सांगा. ती त्यांची आई होती, आणि त्या रात्री ते घरी नव्हते, हे दोन्ही धरून ते ऐकतील.

हे एकदा करायचं. रोज नाही. पुढे जेज्विट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे राहत असताना त्याच जुन्या पापांची पुन्हा पुन्हा कबुली देत राहिला, तरी समाधान होईना. अजून काही सांगायचं राहिलं असेल, या धास्तीने जीव द्यावा इथपर्यंत त्याची मजल गेली. शेवटी मागच्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, असं ठरवल्यावर तो त्यातून बाहेर आला. मन असं चक्रात अडकू शकतं आणि तेव्हा ते चक्र आत्मिक खोलीसारखं भासतं. यिर्मया संदेष्ट्याने हृदय सगळ्यांत कपटी म्हटलं आहे. ते चुका झाकताना जसं फसवतं तसं दोष देतानाही फसवतं. तुमच्या हृदयाबद्दल तुमची स्वतःची साक्षही शेवटची नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, बघतंय कोणीतरी ही भावना दिवसाही पाठ सोडत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. चार वर्षांच्या जागरणानंतर आणि मृत्यूनंतर मन आजारी पडणं हे पाय मोडण्याइतकंच साधं आहे, विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

देवाला सगळं ठाऊक आहे तर सांगायचं काय, हे तुम्ही विचारलंत. येशूने ते वाक्य उच्चारलं आहे, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आणि त्याच्या पुढचंच वाक्य आहे, म्हणून अशी प्रार्थना करा, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' त्याला ठाऊक आहे म्हणून गप्प बसा, असा निष्कर्ष येशूने काढलेला नाही. 412 च्या सुमारास प्रोबा नावाच्या एका रोमन विधवेने आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याच्याकडे प्रार्थनेविषयी विचारणा केली होती. रोम लुटलं गेलं तेव्हा ती घरदार सोडून आफ्रिकेला आलेली. ऑगस्टीनने तिला लांबलचक पत्र लिहिलं, आणि त्यात हाच मुद्दा घेतला. आपली इच्छा देवाला कळवण्यासाठी आपण मागत नाही, ती त्याला ठाऊकच आहे. मागता मागता आपली तळमळ वाढते आणि तो जे देऊ पाहतो ते घ्यायला आपण मोठे होतो. मी यात एवढीच भर घालीन की, ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापाशी शब्द नीट जुळवावे लागत नाहीत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, आपल्याला कसं मागावं कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो, आणि हृदयं शोधून पाहणाऱ्याला आत्म्याचं मनोगत ठाऊक असतं. म्हणजे तुमचं हृदय शोधताना त्याला तिथे स्वतःच्याच आत्म्याचं कण्हणंही सापडतं. तुम्हाला डोळे मिटवत नसतील तर उघडे ठेवून प्रार्थना करा. हरकत नाही.

राहिलं प्रभुभोजन. पौल म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षण करावं आणि घरी राहावं, असं तो म्हणत नाही. करिंथात अयोग्य रीतीने खाणारे म्हणजे गरीब भावांना उपाशी ठेवून आपलं आपण आधी जेवून घेणारे होते. मोडलेल्या मनाने मागे बसणाऱ्यांबद्दल तो बोलत नव्हता. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीतून आलेल्या, परंपरेतल्या प्रभुभोजनाच्या विधीत अगदी सुरुवातीला एक प्रार्थना आहे. आधी लॅटिनमध्ये होती, 1549 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात आली, आणि आपल्याकडेही कित्येक मंडळ्यांत म्हणतात. हे सर्वसमर्थ देवा, तुझ्यापुढे सगळी हृदयं उघडी आहेत, सगळ्या इच्छा तुला ठाऊक आहेत, तुझ्यापासून कोणतंही गुपित लपलेलं नाही. मेजाजवळ जाणारे सगळे आधी हे कबूल करतात, पाळकसुद्धा. आणि मग मागतात की आमच्या मनातले विचार शुद्ध कर. ज्याचं मन देवाला दिसत नाही असा एकही माणूस त्या रांगेत नसतो.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी जा. जमलं तर ज्या बहिणीजवळ कबुली द्याल तिलाच शेजारी बसायला सांगा. नणंदबाईंशी आत्ताच बोलायची घाई करू नका, त्या रात्रीचं त्यांना सांगायला तुम्ही बांधील नाही. पण पुढे कधी त्या आईची आठवण काढतील तेव्हा तुम्हाला आठवणाऱ्या गोष्टी त्यांना सांगा, सासूबाई शेवटी शेवटी काय खायच्या, कोणतं गीत लावलं की शांत व्हायच्या. ते त्यांना ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुमच्या मंडळीत आज कोणाच्या घरी असं अंथरूण असेल तर तिथे एक रात्र झोपायला जा, म्हणजे त्या घरातली बाई झोपेल. हे प्रायश्चित्त म्हणून करू नका, ते प्रभूने केलेलं आहे. तिला काय वाटत असेल हे तुम्हाला माहीत आहे, एवढ्यासाठीच जा.

तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा.

तुमची ताई